शब्द शाबूत, संवाद विस्कटलेला : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण रुग्णालयातून घरी येतो. चालतो, जेवतो, सगळ्यांशी बोलतो. घरचे देवापुढे साखर ठेवतात. महिन्याभरात मात्र तक्रारी सुरू होतात. एक विषय धरून बोलत नाही, सांगितलेला निरोप विसरतो, कुणाचंही बोलणं मधेच तोडतो, साध्या थट्टेवरही भडकतो. अशा अडचणींना कॉग्निटिव्ह कम्युनिकेशन डिसऑर्डर म्हणतात. लक्ष, स्मरण, नियोजन, तर्क, स्वतःवरचा ताबा या मेंदूच्या क्रिया बिघडल्या की बोलणं, ऐकून समजणं, वाचणं आणि लिहिणंही अडखळतं. डोक्याची इजा, मेंदूच्या उजव्या भागाला बसलेला स्ट्रोक, डिमेन्शिया, मेंदूतली गाठ किंवा संसर्ग ही त्याची प्रमुख कारणं. यावर करण्यासारखं बरंच आहे, पण गैरसमजांमुळे माणसं वेळेवर तज्ज्ञांपर्यंत पोचत नाहीत.

गैरसमज : बोलणं स्पष्ट आहे, म्हणजे संवादाची अडचण नाही.

वस्तुस्थिती : 1861मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाल्याचं दाखवलं. तेव्हापासून भाषा म्हणजे डावा मेंदू हे समीकरण रुजलं. डाव्या भागाला इजा झाली की अनेकांना अफेझिया होतो. शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळत नाही, आणि ते लगेच लक्षात येतं.

उजव्या भागाची इजा मात्र लपून राहते. शब्द, व्याकरण, उच्चार शाबूत असतात, पण आवाजातला चढउतार ओळखता येत नाही. उशिरा आलेल्या अशा रुग्णाला कुणी ‘या, अगदी वेळेवर आलात!’ म्हटलं, तर त्याला ते कौतुकच वाटतं. गोष्टीचे तपशील सांगता येतात, तात्पर्य सांगता येत नाही. काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. पेपर वाचताना ओळीच्या सुरुवातीचे शब्द सुटतात आणि बातमीचा अर्थ लागत नाही. त्यातून आपल्यात काही बिघडलंय याची जाणीवही अनेकांना नसते. म्हणून घरच्यांचं निरीक्षण निदानासाठी फार मोलाचं ठरतं.

गैरसमज : सीटी स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे मेंदू ठीक आहे.

वस्तुस्थिती : रक्तस्राव, हाडाचा तडा, मोठी सूज हे सीटीत दिसतं. धक्क्याने मेंदूतल्या सूक्ष्म तंतूंना झालेली इजा बऱ्याचदा दिसत नाही. सौम्य इजा झालेली बहुतेक माणसं काही आठवड्यांत पूर्ववत होतात. ज्यांचा गोंधळ, थकवा, विसरणं त्यानंतरही कमी होत नाही, त्यांची पुन्हा तपासणी व्हायलाच हवी.

गैरसमज : तो मुद्दाम करतो. अपघातानंतर आळशी आणि उद्धट झालाय.

वस्तुस्थिती : पुढाकार घेणं, मनात आलेलं लगेच न बोलणं, समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखून थांबणं या कामांत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथे इजा झाली की माणूस तासन्‌तास गप्प बसतो किंवा नको तिथे नको ते बोलून जातो. त्याला रागावून काही साधत नाही. यामुळे नोकऱ्या जातात, संसार मोडायला येतात आणि दोष त्या माणसाच्या स्वभावावर जातो. या गैरसमजाने सर्वांत जास्त माणसं दुखावली आहेत.

गैरसमज : वय झालं की असं व्हायचंच.

वस्तुस्थिती : वयानुसार नाव आठवायला वेळ लागतो, हे स्वाभाविक आहे. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारणं, सवयीचा हिशेब न जमणं, बोलता बोलता धागा सुटणं ही डॉक्टरकडे जाण्याची कारणं आहेत. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांमुळेही अशी लक्षणं दिसतात आणि त्यांवर उपचार होतात. ऐकू कमी येत असेल, तर आजोबा विसरले की त्यांना ऐकूच आलं नाही, हे आधी ठरवावं लागतं. म्हणून श्रवणचाचणी तपासणीचा भाग हवीच.

गैरसमज : तीस गुणांची चाचणी दिली की निदान झालं.

वस्तुस्थिती : 2005मध्ये प्रसिद्ध झालेली मोका ही 30 गुणांची चाचणी पहिली चाळणी आहे. तिच्यात घड्याळ काढणं, घनाकृतीची नक्कल करणं असे भाग आहेत. चौथीपर्यंत शिकलेल्या आजींना घन काढता आला नाही, तर तो मेंदूचा बिघाड असेलच असं नाही. हीच अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगड परिसरातल्या निरक्षर वृद्धांसाठी 1990च्या दशकातच अशाच एका जुन्या चाचणीची हिंदी आवृत्ती तयार झाली होती. चाचणी माणसाच्या भाषेत आणि शिक्षणाला धरून असावी लागते.

खरी तपासणी याहून सविस्तर असते. न्यूरॉलॉजिस्ट आजार शोधतो आणि वाचा-भाषा तज्ज्ञ संवाद तपासतो. ‘पोहे कसे करता, सांगा’ असा साधा प्रश्नही पुष्कळ सांगून जातो. वर्षानुवर्षं पोहे करणाऱ्या बाई फोडणीत पोहे घालतात, मग कांदा चिरायला घेतात, मधेच भाचीच्या लग्नाकडे वळतात आणि परततच नाहीत. शब्द सगळे बरोबर असतात, क्रम आणि धागा हरवलेला असतो.

गैरसमज : स्पीच थेरपी म्हणजे उच्चार सुधारणं. स्मरणासाठी मोबाइलवरचे खेळ पुरेत.

वस्तुस्थिती : खेळ खेळून माणूस मुख्यतः त्या खेळात तरबेज होतो, औषध वेळेवर घेण्यात नाही. थेरपी रोजच्या कामावर बेतलेली असते. ‘गोळ्या कुठे आहेत?’ हा प्रश्न उत्तर सांगून लगेच विचारतात, मग अर्ध्या मिनिटाने, एका मिनिटाने, दोन, चार, आठ मिनिटांनी. चुकलं तर बरोबर उत्तर सांगून अंतर पुन्हा कमी करतात. सौम्य ते मध्यम डिमेन्शियातही ही पद्धत उपयोगी पडते. डोक्याच्या इजेनंतर ‘काय करायचंय, कसं करणार, केलं, कसं झालं’ अशी स्वतःला विचारायची शिस्त लावतात. डायरी, गजर, भिंतीवरचा दिनक्रम यांचा वापरही शिकवावा लागतो. नुसती वही हातात देऊन भागत नाही.

घरच्यांचं प्रशिक्षण हाही उपचाराचाच भाग आहे. बोलताना टीव्ही बंद करा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. उत्तरासाठी थांबा. ‘मी कोण, ओळखलंस का?’ अशी परीक्षा घेऊ नका. ‘मी सुनीता, तुमची भाची’ असं सांगून बोलायला लागा.

गैरसमज : सहा महिने उलटले, आता सुधारणा नाही.

वस्तुस्थिती : पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, हे खरं. पण त्यानंतरही नवी पद्धत शिकता येते. डिमेन्शियासारखा वाढणारा आजार थेरपीने बरा होत नाही, मात्र माणूस आपल्या माणसांशी जास्त काळ बोलू शकतो, स्वतःची कामं करू शकतो. त्यासाठीचे प्रयत्न वाया जात नाहीत.

घरात कुणाचं बोलणं बदललंय असं वाटलं, तर काय बदललं आणि कधीपासून, हे प्रसंगांसह लिहून न्या. औषधांची यादी, चष्मा, श्रवणयंत्र बरोबर घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि नायर रुग्णालयात वाचा-भाषा तज्ज्ञ उपलब्ध आहेत. इतरत्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. बोलणं किंवा समजणं अचानक बिघडलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर वाट पाहू नका. 108ला फोन करा. स्ट्रोकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि बदल हळूहळू होत असेल, तर त्याला स्वभाव किंवा म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या.