शिट्टी कुठे वाजली?

सावेडीतल्या मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी फुटबॉल रंगला की खेळाइतकीच भांडणंही रंगतात, आणि ती बहुतेक चेंडू थांबल्यानंतरची असतात. ‘शिट्टी कुठे वाजली?’ हा त्यातला ठरलेला सवाल. शिट्टीशिवाय फ्री किक मारताच येत नाही, ही समजूत पार हाडात मुरलेली.

शिट्टी सक्तीची असते ती किक-ऑफला आणि पेनल्टीला. फ्री किकला ती लागते, पण रेफरीने मध्ये पडून भिंत मागे सरकवली, कार्ड दाखवलं, खेळाडू जखमी झाला किंवा बदली केली तरच. एरवी चेंडू जागेवर स्थिर ठेवला की लगेच मारा. समोरच्यांनी ९.१५ मीटर मागे जावं, हा मारणाऱ्याचा हक्क आहे. तो त्याने मागितलाच पाहिजे असं नाही.

३ मार्च २०२३ला बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा बाद फेरीचा सामना याच मुद्द्यावर पेटला. जादा वेळेत केरळ ब्लास्टर्सची भिंत अजून लागायची होती, तोवर सुनील छेत्रीने फ्री किक थेट जाळ्यात मारली. रेफरी क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले, ते परतलेच नाहीत. पुढे क्लबला ४ कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी. वाद घालायचाच तर रेफरीने भिंतीत लक्ष घातलं होतं का, यावर घालता येईल. ‘शिट्टी नव्हती’ एवढ्यावर नाही.

दुसरं दुखणं ड्रॉप बॉलचं. मैदानात कुत्रं घुसून चेंडूला आडवं आलं की आपल्याकडे दोघं समोरासमोर उभे राहतात आणि नडग्या फुटतात. २०१९पासून चेंडू एकाच खेळाडूपुढे टाकतात. बाकी सगळे, त्याचे सहकारीसुद्धा, ४ मीटर लांब. पेनल्टी एरियात खेळ थांबला असेल तर चेंडू बचाव करणाऱ्या गोलकीपरचा. त्यावरून एकट्याने थेट गोल करता येत नाही, चेंडू निदान दोन खेळाडूंना लागावा लागतो.

किक-ऑफ पुढेच मारायचा, हा नियम २०१६ला गेला. मागे पास दिला तरी चालतो. थ्रो-इन थेट समोरच्या गोलमध्ये गेला तर गोल नाही, त्यांना गोलकिक. कॉर्नरवरून मात्र थेट गोल होतो. आणि थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर या तिन्हींवर ऑफसाइड नसतो, हे सांगूनही कुणाला पटत नाही.

आता २०२५चा बदल. गोलकीपरने चेंडू हातात ८ सेकंदांहून जास्त धरला तर पूर्वीसारखी इनडायरेक्ट फ्री किक नाही, थेट कॉर्नर. शेवटची ५ सेकंदं रेफरी हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो, म्हणजे ‘घड्याळ कुणी पाहिलं?’ हे भांडणही मिटलं.