ओनामा : पाटीवरचे पहिले नमन

नवा मुलगा पेढीवर कामास लागला आणि हिशेबात चुकला, की ‘याला धंद्याचा ओनामाही ठाऊक नाही’ हा शेरा ठरलेला. आम्हां मलकापूरकरांच्या तोंडी ‘ओनामा’ म्हणजे केवळ प्रारंभ. वस्तुतः या तीन अक्षरांत एक नमस्कार दडला आहे : ‘ॐ नमः सिद्धम्’.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत मूल धूळपाटीवर ‘श्रीगणेशाय नमः’ गिरवी आणि लगोलग ‘ओनामासीधं’. अर्थ कोणी विचारीत नसे. झिजता झिजता ‘सीधं’ गळाले, ‘ओनामा’ उरला. तेलुगूत तर मुळाक्षरांनाच ‘ओनमालु’ म्हणतात.

गणेशवंदनेपाठोपाठ सिद्धांना नमन का? कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले इतिहासकार डॉ. अ. स. आळतेकर यांनी राष्ट्रकूटांवरील आपल्या ग्रंथात (1934) याचे उत्तर दिले आहे. मध्ययुगात दख्खनमधील लोकशिक्षण जैन गुरूंच्या हाती इतके होते, की त्यांचे हे वचन इतर समाजांच्या मुलांच्या पाटीवरही टिकून राहिले.

मात्र केवळ अभिमानापोटी या शब्दावर संपूर्ण हक्क सांगणे योग्य नव्हे. नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन लेखांचा आरंभही ‘सिद्धम्’ने होतो, आणि सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू इत्सिंग सांगतो, की येथील बालके सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाचा पाठ शिकत.

नवशिक्यांसाठी रचलेल्या ‘कातंत्र’ व्याकरणाचे पहिले सूत्रही ‘सिद्ध’ याच शब्दाने सुरू होते. कथासरित्सागरात त्याची कथा आहे. जलक्रीडेत राणी ‘मोदकैः’ म्हणाली. ‘पाणी उडवू नका’ हा तिचा आशय न कळून राजा सातवाहनाने मोदक मागविले आणि हसे झाले. लज्जित राजाला गुणाढ्य सहा वर्षांत व्याकरण शिकविणार होता, शर्ववर्म्याने ते सहा महिन्यांत शिकविले. पुढे हेच व्याकरण जैन मुनींनी आपलेसे केले. भावसेन त्रैविद्यांची ‘कातंत्ररूपमाला’ प्रसिद्धच आहे. मारवाडातील शाळांत मुले घोकत ती ‘सीधो वरणा’ म्हणजे त्याच सूत्राचे बोबडे रूप.

व्याकरणाचे काटेकोर अभ्यासक म्हणतील, ‘नमः’नंतर ‘सिद्धेभ्यः’ हवे. खरे आहे, पण पाच वर्षांच्या जिभेला ‘सिद्धम्’ सोपे.

गेल्या विजयादशमीस पाटीपूजनाच्या वेळी नातीचा हात धरून मी ते तिन्ही शब्द पूर्ण लिहविले. तिने विचारले, “आजोबा, सिद्ध म्हणजे कोण?” त्या दिवशी दुकान उघडण्यास बराच उशीर झाला.