घड्याळं जागी करणारा 'स्टारगेझर'

आकाशवाणीच्या बातम्यांआधी ते पिप-पिप सुरू झालं की मनगटावरचं घड्याळ लावून घ्यायचं, ही आपल्याकडे घरोघरची सवय होती. पण एके काळी अचूक वेळ हा समुद्रावर जिवाचा प्रश्न होता.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला सुमारे ७२.८ अंशांवर, म्हणून जुना 'बॉम्बे टाइम' ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असे. हेच गणित उलटं मांडा. भरसमुद्रात सूर्य माथ्यावर आला, त्या क्षणी ग्रीनिचला किती वाजलेत हे कळलं, की जहाजाचा रेखांश हाती लागतो. मात्र घड्याळ ४ सेकंद चुकलं, तर विषुववृत्तापाशी जहाज एक सागरी मैल चुकतं! आणि हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचं घड्याळ टिकणार कसं? १७१४ साली ब्रिटिश संसदेने या कोड्यावर २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन या सुताराने त्यासाठी आयुष्य वेचलं. एकट्या तिसऱ्या घड्याळानेच त्याची १९ वर्षं घेतली.

हॅरिसनची ही घड्याळं पुढे पुन्हा चालू करणारा रूपर्ट गूल्ड ब्रिटिश नौदलात दिशादर्शनाचा अधिकारी होता. १९१४ला महायुद्ध पेटलं आणि त्याचं मन खचलं. जहाजावरचं काम सुटलं, नौदलाच्या नकाशा विभागात टेबलाशी बसायचं काम मिळालं. १९२० साली ग्रीनिचच्या वेधशाळेत त्याने हॅरिसनची घड्याळं पाहिली, तेव्हा ती बंद आणि बेवारशी पडली होती. घड्याळजीचं शिक्षण नसलेल्या या माणसाने राजखगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांच्याकडे ती दुरुस्त करायची परवानगी मागितली, तीही विनामोबदला. पहिलं घड्याळ वजनाला सुमारे ३४ किलो, हिरवट गंजाने माखलेलं. टोपी झाडायच्या साध्या ब्रशने त्याने ते झाडलं, तर मळ आणि गंजच ५० ग्रॅमच्या वर निघाला. पुढे चाक न् चाक सुटं करायचं, वहीत चित्र काढायचं, टिपण लिहायचं, मग पुसायचं. तिसऱ्या घड्याळाला सात वर्षं लागली. १ फेब्रुवारी १९३३ला, बाहेर वादळ घोंघावत असताना, पहिलं घड्याळ चालू झालं. तब्बल १६५ वर्षांनी.

मधल्या काळात संसार मोडला, नौदलाची नोकरीही गेली. मग बीबीसीच्या 'चिल्ड्रन्स अवर'मध्ये तो 'स्टारगेझर' या नावाने मुलांशी बोलू लागला. लॉक नेसच्या राक्षसाचा शोध घ्यायला मोटारसायकलवरून गेलेला हाच गृहस्थ! पुढे बीबीसीच्याच 'ब्रेन्स ट्रस्ट' या कार्यक्रमात बसून श्रोत्यांच्या प्रश्नांना, पूर्वतयारीशिवाय, तो उत्तरं देई.

मला थक्क करतं ते वेगळंच. ज्या डायसननी गूल्डच्या हाती ती घड्याळं सोपवली, त्यांच्याच पुढाकाराने ५ फेब्रुवारी १९२४पासून ग्रीनिचचे सहा पिप बीबीसीवर वाजू लागले. रेडिओवरून वेळ मिळाली की जहाजावरचं घड्याळ तिथल्या तिथे ताडून पाहता येतं. एकट्या घड्याळावर जीव टांगून ठेवण्याचे दिवस रेडिओने संपवले. घड्याळाला जीव देणारा माणूस शेवटी त्याच रेडिओवरून बोलत होता.

गूल्ड १९४८ साली गेला. पहिली तीन घड्याळं ग्रीनिचला आजही चालतात. हॅरिसनचं चौथं घड्याळ झिजू नये म्हणून बंद ठेवतात. कधी तिकडे गेलात, तर पहिल्या घड्याळापाशी थोडा वेळ उभे राहा.