‘नको’ म्हणणारं बटण

न बोलणाऱ्या मुलाला काही सांगायचंच नसतं, असं बऱ्याच घरांत अजूनही धरून चालतात. त्याने ताट भिरकावलं किंवा स्वतःच्याच हाताला चावा घेतला, की ‘हट्टी आहे’ म्हणून विषय मिटतो. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या अमेरिकेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी मात्र विचारलं, यातून ते मूल काय मागतंय?

१९८५ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलं होती अवघी चार. कुणी काम अवघड झालं की बिथरायचं, तर कुणाचा दंगा मोठ्यांचं लक्ष उडालं की सुरू व्हायचा. पहिल्या तऱ्हेच्या मुलाला ‘मला कळत नाहीये’ हे वाक्य शिकवलं, दुसऱ्या तऱ्हेच्याला ‘मी नीट करतोय ना?’ दंगा ओसरला! पण खरी गंमत पुढे आहे. वाक्यांची अदलाबदल केली की दंगा कमी होत नव्हता. म्हणजे नुसतं बोलता येऊन भागत नाही. जे हवंय, नेमकं तेच म्हणता आलं पाहिजे.

ही मुलं निदान वाक्य उच्चारू शकत होती. ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाही, त्या स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचं काय? त्यांच्यासाठी चित्रं असतात. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत ॲप पाहा. ते मराठीतही बोलतं. कडेला सहा बटणं: आवडतं, आवडत नाही, हो, नाही, आणखी, कमी. मधे खाण्याची, खेळाची, माणसांची चित्रं. चित्र निवडून ‘आवडतं’ दाबलं की फोन अख्खं वाक्य म्हणतो आणि तेच बटण पुन्हा दाबलं की आवड वाढून ‘खूप’ होते. सहा बटणांत केवढा स्वभाव मावतो!

अशा साधनांमध्ये चित्राची जागा शक्यतो हलवत नाहीत. पेटी वाजवणाऱ्याची बोटं जशी पट्टीकडे न बघता जातात, तसं मुलाचं बोट हळूहळू ‘पाणी’कडे आपसूक जाऊ लागतं. त्यामुळे हौसेने सगळं नव्याने मांडून देणारे काका-मामा त्याची भाषाच विस्कटून ठेवतात.

पालकांना धास्ती असते ती वेगळीच: चित्रांची सवय लागली तर हा बोलायचाच नाही. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी आधीचे अभ्यास चाळले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. उलट ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलंच होतं.

साधन हातात आलं तरी पहिले काही आठवडे कसोटी मोठ्यांची असते. बोलताना आईबाबांनीही चित्रांवर बोट ठेवायचं, कारण भाषा ऐकून-बघूनच शिकतात. आणि मुलाने भाजीच्या चित्रावर ‘आवडत नाही’ दाबलं, तर भाजी ताटातून खरोखर बाजूला व्हायला हवी. ‘दोनच घास खा’ म्हणत बटणाकडे काणाडोळा केला, तर ते पुन्हा ताट भिरकावेल. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे; त्या उपायाने भाजी दर वेळी हटलेली आहे.