चित्रातून उमटणारे वाक्य

बोलणाऱ्याचे हुलगे विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण सोलापूरच्या बाजारपेठेत वाढलेल्या घरांना समजावून सांगावी लागत नाही. अशा घरातील मूल चार-पाच वर्षांचे होऊनही बोलत नसेल, तर ‘त्याचे काकाही उशिराच बोलले होते’ या धीरावर मोलाची वर्षे निघून जातात. न बोलणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काहीच नसते, हा समज तर त्याहून घातक. स्वमग्न मुलाला भूक, भीती, आवड, नावड सारे असते; अनेकदा त्यांना शब्दांची वाट तेवढी सापडत नाही.

चेन्नईचे अभियंते अजित नारायणन यांनी अशा मुलांसाठी ‘आवाज’ हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारे साधन तयार केले. पुढे त्यांच्या ध्यानात आले की, चित्र ओळखले तरी व्याकरण उरतेच. शब्दांचा क्रम, काळ, प्रत्यय यांचे चित्र काढता येत नाही. म्हणून त्यांनी ‘फ्रीस्पीच’ ही रचना योजली व २०१३ च्या टेड परिषदेत मांडली. ‘खाणे’ हे चित्र मध्यभागी ठेवायचे आणि त्याभोवती प्रश्न : कोण? काय? केव्हा? मुलाने उत्तरांची चित्रे जोडावीत, शुद्ध वाक्य संगणकाने रचावे.

मराठीत हे काम अधिक अवघड आहे. भात हवा, भाकरी हवी, पाणी हवे. मुलगा ‘जातो’ म्हणतो, मुलगी ‘जाते’. ‘मी खातो’ म्हणणारा काल मात्र ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. आपण हे नकळत करतो, यंत्राला प्रत्येक शब्दाचे लिंग आधी शिकवावे लागते.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्राध्यापक रवी पुवय्या व सहकाऱ्यांनी घडवलेले ‘जेलो’ हे निःशुल्क अ‍ॅप मराठीतही आहे. त्याची मांडणी सोपी. एका बाजूस आवडते, हवे, आणखी. दुसऱ्या बाजूस त्यांचे नकार. मधले चित्र निवडून बाजूची कळ दाबली की पूर्ण वाक्य ऐकू येते.

यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचेच थांबेल, ही आजी-आजोबांची शंका गैर नाही. मात्र मिलर, लाइट व श्लॉसर यांनी २००६ मध्ये विकासात्मक अडचणी असलेल्या व्यक्तींवरील अभ्यास तपासले, तेव्हा विश्वासार्ह ठरलेल्या २७ नोंदींत एकाचेही बोलणे घटले नव्हते. ८९ टक्के जणांच्या बोलण्यात भर पडली होती, बहुधा माफकच. साधन हाती दिले की मूल बोलू लागेल, असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. घरातील मोठ्यांनी स्वतः चित्रांवर बोट ठेवत बोलावे लागते, तेही महिनोन्महिने.

खरी सावधगिरी वेगळीच आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता दोन चित्रांवरून लांबलचक, शालीन वाक्य रचू शकते. मुलाने ‘आत्या’ आणि ‘नको’ दाबले. यंत्र म्हणाले, ‘मला आज आत्याला भेटायचे नाही.’ मुलाला कदाचित आत्याने गाल ओढलेला नको असेल! त्यामुळे वाक्य उमटल्यावर ‘हेच म्हणायचे होते का?’ असे हो-नाहीची चित्रे दाखवून विचारणे आवश्यक. मुलाचा हात धरून बोट फिरवणे तर मुळीच नको; ते वाक्य हात धरणाऱ्याचे ठरते.

फलकावर घरचे शब्द हवेत : कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दुकान, जय जिनेंद्र. ‘आवाज’मध्ये घरातील छायाचित्रे घालून असे शब्द वाढवता येतात. घरोघरी कल असतो तो खाण्याच्या पदार्थांचीच चित्रे भरण्याकडे. ‘थांबा’, ‘दुखते’, ‘फार गोंगाट होतो’ यांना जागाच उरत नाही. लग्नाच्या मांडवात बँड सुरू होताच कानांवर हात दाबून बसणाऱ्या मुलाला नेमके तेच चित्र हवे असते, आणि टॅब मात्र पडून फुटू नये म्हणून घरी कपाटात ठेवलेला असतो.