बोलणारा कोणी नसताना

दोरीचा साप वाटणे निराळे आणि दोरीच नसताना साप दिसणे निराळे. पहिल्यास आपण भ्रम म्हणू, दुसऱ्यास भास. पहिल्याचा परिचय वेदान्तावरील प्रवचनांतून आपणांस आहेच. आज आम्ही दुसऱ्याविषयी, आणि त्यातही कानी येणाऱ्या आवाजांविषयी सांगणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे. चिकलठाणा-वाळूजच्या कामगारांत काम करताना हा प्रश्न पुढ्यात आला, म्हणून मिळेल ते वाचीत गेलो.

रात्रपाळीला झोपेवाचून उभ्या असलेल्या माणसास यंत्राच्या घरघरीत आपले नाव ऐकू येते. दारू एकाएकी तोडलेल्यास दोन-तीन दिवसांत अंथरुणावर किडे दिसू लागतात. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण तेथे प्राणाशी गाठ असते. वेल्समधील रीस नावाच्या डॉक्टरांनी १९७१ साली विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचा भास झालेला होता, आणि बहुतेकांनी तो कोणाजवळ बोलून दाखविला नव्हता. तेव्हा भास झाला की वेड लागले, हे समीकरण मुळातच टिकत नाही.

मग आवाज येतो कोठून? १९४९ साली गूल्ड या डॉक्टरांनी एका रुग्णाची अस्फुट पुटपुट यंत्राने मोठी करून ऐकली, तो रुग्णास ‘ऐकू येणारे’ शब्द आणि ही पुटपुट यांचा मेळ बसला. १९९३ साली लंडनच्या मॅक्‌ग्वायर आदी संशोधकांना असे दिसले की, आवाज येत असताना मेंदूतील वाणी रचणाऱ्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो. म्हणजे बोलणारा बाहेर नाहीच. आमच्या युनियन कचेरीतील आवक-जावक वहीवरून हे आम्हांस पटकन उमगले. आपण बोलतो तेव्हा मेंदू जणू जावकेत नोंद करतो की हे शब्द आपलेच. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या करून हसू येत नाही. ती नोंद राहिली, तर आपलेच पत्र परक्याचे म्हणून आवकेत येते. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली धडधाकट माणसांवर एक प्रयोग झाला. माणसाने बोटाने पुढचे यंत्र हलवावे आणि मागच्या यंत्राने तोच स्पर्श किंचित उशिराने त्याच्या पाठीला करावा. एवढ्यानेच काहींना मागे कोणी उभे असल्याची जाणीव झाली!

दुसरा पक्ष अपेक्षेवर भर देतो. मेंदू नुसते ऐकत नाही, पुढे काय ऐकू येईल याचा अंदाज बांधीत असतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात २०१७ साली दिव्याबरोबर बारीक नाद ऐकविण्याची सवय लावली, मग नुसता दिवा दाखविला. नाद नसतानाही तो ऐकल्याचे ज्यांनी अधिक वेळा सांगितले, त्यांत आवाज ऐकणारे रुग्ण होते, तसेच आवाज ऐकूनही आजारी नसलेले लोकही होते. आमच्या मते या दोन पक्षांत भांडण लावण्याचे कारण नाही.

आवाज काय बोलतो, हे मात्र मुलखागणिक बदलते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील सॅन मॅटिओ, घानातील आक्रा आणि आपले चेन्नई येथील प्रत्येकी वीस रुग्णांशी बोलून २०१५ साली निष्कर्ष मांडले. अमेरिकनांना मारहाणीचे, युद्धाचे हुकूम. चेन्नईत निम्म्याहून अधिकांना नातेवाइकांचे आवाज, आणि तेही ‘आंघोळ कर, स्वयंपाकाला लाग’ असे! लंडनमध्ये तर रुग्णाच्या सांगण्यावरून त्या आवाजाचा चेहरा संगणकावर घडवून दोघांची बोलाचाली घडवितात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनी आवाजांचा त्रास साध्या समुपदेशनापेक्षा अधिक कमी झाला. चोवीस आठवड्यांनी मात्र दोन्ही सारखेच ठरले. औषधे चालू ठेवूनच हे करावयाचे असते.

आपल्याकडे आजाराची पहिली वर्दी अजूनही देवऋषीकडे जाते. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून मारणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तरीही. राज्याची चार जुनी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. पण घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, हे आपल्याच शहरातील कितीकांस ठाऊक नसते.

आमच्या ओळखीच्या एका लेथवाल्यास आवाज येऊ लागले, तेव्हा कारखान्याने त्याजकडून राजीनामा लिहून घेतला. घरच्यांनाही तेच बरे वाटले, कारण गवगवा नको. वस्तुतः २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मनोविकार येतात. परंतु नोकरीत असता अपंगत्व आल्यास काढू नये, हे कलम सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. खाजगी कामगारास दुसरा आधार आहे. राज्य कामगार विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, आणि अटी पुऱ्या असल्यास नेहमीचा आजार-लाभ संपल्यावर मजुरीच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. त्याकरिता माणूस नोकरीवर असावा लागतो. म्हणून राजीनाम्याचा कागद पुढे आला की सही करण्याआधी विमा दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे.