संगीतश्रवण आणि पर्यावरणाशी मानवाचे नाते : देवमाशांच्या गानाच्या संदर्भात

प्रस्तावना :
पर्यावरणाचा विचार करताना आपण प्रामुख्याने डोळ्यांवर विसंबून असतो. जंगलतोड, दूषित नदी, कचऱ्याचे ढीग ही सारी दृश्ये होत. ऐकू येणाऱ्या पर्यावरणाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड' या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले. परिसरातील सर्व ध्वनी एखाद्या संगीतरचनेप्रमाणे ऐकावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणूस लक्षपूर्वक ऐकेनासा होतो तेव्हा ध्वनिप्रदूषण वाढते, असेही त्यांनी म्हटले. संगीतश्रवणामुळे पर्यावरणाशी असलेले नाते कसे घडते, हे एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

देवमाशांचे गान :
हंपबॅक जातीच्या देवमाशांचे आवाज बर्म्युडानजीकच्या समुद्रात पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी टिपले गेले होते. रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी त्यांचा अभ्यास करून १९७१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, हे आवाज विस्कळीत नसून ठरावीक क्रमाने पुनरावृत्त होणाऱ्या रचना आहेत. म्हणून त्यांना 'गान' म्हणता येते. तत्पूर्वी १९७० मध्ये या आवाजांची ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली व ती घरोघरी ऐकली गेली. तोवर देवमासा म्हणजे तेल व मांस देणारा प्राणी, हीच धारणा रूढ होती. ज्याला गाता येते त्याच्याकडे केवळ कच्चा माल म्हणून पाहणे श्रोत्यांना कठीण झाले. पुढे १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकारीवर स्थगितीचा निर्णय घेतला. एका ध्वनिमुद्रिकेमुळेच हा निर्णय झाला असे म्हणता येणार नाही. घटलेली संख्या व वैज्ञानिकांचे इशारे ही कारणेही होतीच. तथापि या प्रश्नास जनमताचे बळ मिळवून देण्यात त्या श्रवणाचा वाटा निश्चितच होता.

१९७७ मध्ये 'व्हॉयेजर' यानांसोबत पाठविलेल्या ध्वनितबकडीत देवमाशांचे हे आवाज समाविष्ट आहेत. त्याच तबकडीत गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातही संशोधकांनी हंपबॅकचे गान ध्वनिमुद्रित केले आहे. अरबी समुद्रातील हे देवमासे दूर स्थलांतर करीत नाहीत. त्यांची संख्या अत्यल्प असून ते संकटग्रस्त आहेत. जहाजांच्या यंत्रांचा खर्जातील आवाज त्यांच्या गानावर आच्छादन घालतो, म्हणजेच त्यांचे परस्परांना ऐकू येणेच धोक्यात येते.

श्रवणाची दुसरी बाजू :
संगीत नेहमीच परिसराशी जोडते असे मात्र नाही. १९७९ मध्ये 'वॉकमन' बाजारात आला आणि चालता-फिरता खासगी श्रवण शक्य झाले. आज भ्रमणध्वनीला जोडलेल्या कर्णयंत्रामुळे आपण वाटेवरचा पक्षी आणि पाऊस सहज वगळू शकतो. मल्हार ऐकणारा श्रोता प्रत्यक्ष पावसाला पारखा होणे, हा त्यातील विरोधाभास होय. याउलट ध्वनिक्षेपकाद्वारे लादलेले संगीत इतरांचा परिसरच हिरावून घेते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार शांतता क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. शैक्षणिक संस्थांचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित केला जाऊ शकतो, याचे भान आपल्याच स्नेहसंमेलनांत अनेकदा सुटते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, संगीतश्रवण स्वतःहून पर्यावरणस्नेही किंवा पर्यावरणविरोधी नसते. श्रवण सावध असेल तर ते परक्या जीवालाही आपल्या नात्यात आणते. बेसावध असेल तर जवळचा परिसरही परका करते. पदवी स्तरावर पर्यावरण अध्ययन हा विषय अनिवार्य झाला आहे. त्याच्या प्रकल्पकार्यात विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवारात पहाटे, दुपारी व सायंकाळी दहा मिनिटे शांत बसून ऐकू आलेल्या ध्वनींची नोंद करावी, असे सुचवावेसे वाटते. त्यासाठी कोणत्याही साधनाची वा निधीची आवश्यकता नाही. अशी नोंद दरवर्षी ठेवली गेल्यास आवारातून कोणता आवाज नाहीसा झाला, हे आपल्याला वेळीच कळू शकेल.